कडवटपणाची पारख : इंग्रजी बिटर आणि अभिरुचीच्या निकषाचा प्रश्न

१

साहित्यसमीक्षेने आपली परिभाषा फार मोठ्या प्रमाणावर जिभेकडून उसनी घेतली आहे. रुची, अभिरुची, रस, आस्वाद, चर्वणा हे सारे शब्द मूळचे भोजनाच्या पंक्तीतले होत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना विशद करताना, नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न चाखणाऱ्या सुमनस पुरुषाचाच दृष्टान्त दिला आहे. आणि इंग्रजीतील ‘टेस्ट’ हा शब्दही जिभेवरूनच कलाविचारात गेला. तथापि हे ऋण घेऊन झाल्यावर सौंदर्यशास्त्राने धनकोला दारात उभे केले नाही. कांटने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निर्णयशक्तीच्या मीमांसेत ‘सुखद’ आणि ‘सुंदर’ असा काटेकोर भेद केला. कॅनरी बेटांतील मद्य सुखद आहे असे कोणी म्हटले, तर ‘मला सुखद वाटते’ अशी दुरुस्ती त्याने मान्य केली पाहिजे. कारण जिभेच्या बाबतीत ज्याची त्याची रुची वेगळी. सुंदर म्हणताना मात्र आपण इतरांच्या संमतीची मागणी करीत असतो.

याच्या तेहतीस वर्षे आधी, १७५७ साली, डेव्हिड ह्यूमने अभिरुचीच्या निकषावरील आपल्या निबंधात नेमकी उलट वाट धरली होती. कलेविषयीच्या निर्णयांना आधार असतो हे दाखविण्यासाठी त्याने मद्य चाखणाऱ्यांचीच कथा निवडली. ‘दॉन किहोते’मधील सांचो पान्झाच्या दोन आप्तांची. एकाला पिंपातील मद्यात चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची, लोक हसले, पिंप रिकामे केल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली.

कांट आणि ह्यूम यांच्यातील हा वाद केवळ तत्त्वचर्चेने न सोडवता, जिभेच्या एखाद्या प्रत्यक्ष विषयाजवळ नेऊन तपासला तर काय हाती लागते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी इंग्लंडमधील ‘बिटर’ ही पारंपरिक एल निवडली आहे. द्राक्षमद्याविषयीचे वाङ्मय विपुल आहे. परंतु तेथे किंमत, कुलशील आणि प्रतिष्ठा यांचा गलबला इतका असतो की निर्णय कशाचा चालला आहे हे कळेनासे होते. बिटर हे खेड्यातील व गिरणगावातील पबमध्ये, संध्याकाळी, गप्पा मारताना प्यावयाचे साधे पेय आहे. ते स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. म्हणूनच त्याची पारख करणे अवघड आहे, आणि म्हणूनच ती समीक्षकाला उद्बोधक ठरते. येथे मद्यपानाची भलावण करावयाची नाही हे सांगणे बहुधा अनावश्यक आहे. वास्तूत न राहताही तिच्या रचनेची चर्चा करता येते, तसेच हे होय.

२

निर्णयाचा विचार करण्यापूर्वी निर्णयाच्या विषयाचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. जव भिजवून, मोड आणून, भट्टीत सुकविले की माल्ट होते. त्याच्या गरम पाण्यातील अर्कात हॉप नावाच्या वेलीची मादी फुले उकळतात. मग यीस्टने तो आंबवितात. माल्टपासून गोडवा आणि धान्याचा खमंगपणा येतो, हॉपपासून कडवटपणा आणि सुगंध, आणि एलच्या यीस्टपासून सफरचंद, नासपती किंवा संत्र्याच्या मुरंब्याची आठवण करून देणारा फळांचा गंध. चौथा घटक पाणी. ट्रेंट नदीकाठच्या बर्टन या गावाच्या विहिरींचे पाणी जिप्समयुक्त आहे. त्यातील सल्फेटामुळे हॉपचा कडवटपणा कोरडा, रेखीव होतो. याच गुणामुळे बर्टन एकोणिसाव्या शतकात फिकट एलची राजधानी झाले, आणि पुढे इतर गावांतील कारखानदार आपल्या पाण्यात जिप्सम घालू लागले.

या इतिहासाचा एक धागा आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. फिकट, भरपूर हॉप घातलेली एल प्रथम पूर्व लंडनमधील बो येथील हॉजसनच्या कारखान्यातून, आणि १८२० नंतरच्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप व बास यांच्या कारखान्यांतून, मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांकडे रवाना होत असे. स्वदेशी तिचा प्रसार रेल्वेमुळे झाला. कारखानदार तिला ‘पेल एल’ म्हणत. पबमधील गिऱ्हाईक, ताज्या व कमी हॉपच्या ‘माइल्ड’पासून तिला वेगळी ओळखण्यासाठी, नुसते ‘बिटर’ म्हणू लागले. म्हणजे हे नाव उत्पादकाने दिलेले नव्हे. ते रसिकांनी दिलेले आहे, आणि तेही दोन पेयांतील भेद दाखविण्यासाठी. ‘कडू’ म्हणजे निरपेक्ष कडू नव्हे, तर शेजारच्या पिंपातील एलच्या मानाने कडू. प्रकारनामांचा अर्थ असा परस्परसापेक्ष असतो हे साहित्यप्रकारांच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको.

पहिल्या महायुद्धातील धान्यटंचाई आणि करवाढ यांमुळे इंग्रजी बिअरची तीव्रता बरीच उतरली आणि ती पुन्हा पूर्वपदाला आली नाही. आज सामान्य बिटरमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे ३.२ ते ३.८ टक्के, ‘बेस्ट बिटर’मध्ये ४.६ टक्क्यांपर्यंत, आणि त्यापुढे ‘स्ट्राँग बिटर’ अशी श्रेणी मानतात. सक्तीने आलेल्या या मर्यादेतूनच बिटरचा स्वभाव घडला. थोड्या माल्टात, थोड्या मद्यार्कात, पूर्ण चव साधावयाची. आणि दुसरा, तिसरा पेला घेतला तरी जीभ कंटाळू नये, डोके जड होऊ नये, बोलणे तुटू नये, असे पेय करावयाचे. मर्यादा ही येथे उणीव राहिली नाही, ती रचनेची अट झाली. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली आपल्या कल्पनेतील आदर्श पबवर लेख लिहिला, तेव्हा तेथे जावेसे का वाटते हे सांगताना त्याने बिअरला नव्हे, तर तेथील वातावरणाला प्रथम स्थान दिले. बिटरच्या प्रयोजनावर याहून नेमके भाष्य क्वचितच सापडेल.

३

आता आस्वादाची रीत पाहू. जाणकार प्रथम पेला उजेडात धरतो. रंग फिकट सोनेरीपासून तांब्यासारखा. पेय स्वच्छ असावे. मग गंध. केंट आणि आसपासच्या परगण्यांतील फगल व गोल्डिंग या जुन्या हॉपजातींचा गंध ओल्या मातीचा, फुलांचा, किंचित राळेसारखा असतो. त्यामागे बिस्किटासारखा किंवा जळत्या साखरेच्या कडेसारखा माल्टचा वास येतो. त्यानंतर घोट. आधी धान्याचा हलका गोडवा, मध्ये फळांची छटा, आणि घोट गिळताना व गिळल्यावर कोरडा, रेंगाळणारा कडवटपणा. द्राक्षमद्याचे परीक्षक चाखलेला घोट थुंकतात. बिअरचे परीक्षक बहुधा तसे करीत नाहीत, कारण या पेयाचा खरा आशय गिळण्यानंतरच्या क्षणांत असतो. आपल्या वाक्याचा अर्थ जसा शेवटच्या क्रियापदावर ठरतो, तसाच हा शेवट आधीच्या गोडव्याचा अर्थ ठरवितो. तो ओठांवर ओशाळा गोडवा ठेवून गेला तर आणखी घ्यावेसे वाटत नाही; तो जीभ कोरडी व स्वच्छ करून गेला तर हात पुन्हा पेल्याकडे जातो.

हा कडवटपणा आवडणे ही उपजत गोष्ट नाही. वनस्पतींतील अनेक विषे कडू असतात आणि तान्हे मूलही कडू चवीला तोंड वाकडे करते. कडूची आवड ही शिक्षणाने येते. संस्कृतातील षड्रसांत ‘तिक्त’ म्हणून जो रस सांगितला आहे तो आपला कडू, आणि ‘कटु’ म्हणून सांगितला आहे तो आपला तिखट; या तिक्ताला भोजनात स्थान आहे हे आपल्याकडेही लहानपणी कोणाला पटत नाही. गूळ घातलेले कारले प्रौढपणीच रुचू लागते, आणि पाडव्याला कडुनिंबाचे पान गुळासह चावण्याचा प्रघात या शिक्षणाचाच एक भाग होय. येथे कांटच्या पक्षाला पहिला तडा जातो. जी आवड केवळ संवेदना आहे तिच्याविषयी ‘मला वाटते’ यापलीकडे काही बोलता येत नाही, हे खरे. परंतु जी आवड शिकावी लागते ती चुकीची शिकली जाण्याचा, दुरुस्त होण्याचा, सूक्ष्म होण्याचाही संभव असतो. जेथे शिक्षण आहे तेथे योग्य-अयोग्याचा विचार येतोच.

दुसरी गोष्ट अशी की, जाणकाराचा निर्णय एकेका चवीवर नसतो, चवींच्या परस्परसंबंधांवर असतो. कडवटपणा रसायनशाळेत मोजता येतो. त्याचे आंतरराष्ट्रीय एकक आहे, आणि ढोबळ मानाने एका लिटरमध्ये हॉपपासून आलेल्या कडू द्रव्याचा एक मिलिग्रॅम म्हणजे एक एकक असे समजतात. सामान्य बिटरमध्ये अशी २५ ते ३५ एकके असावीत असा संकेत आहे. परंतु ३५ एककांची एक बिटर तीक्ष्ण लागते आणि तितक्याच एककांची दुसरी सौम्य, कारण पहिलीच्या पाण्यात सल्फेट अधिक आणि माल्टचा गोडवा कमी असतो. आकडा खरा असूनही तो चवीचा आकडा नव्हे. आपल्या अलंकारशास्त्राने याच अनुभवाला ‘पानकरसन्याय’ असे नाव दिले आहे. साखर, मिरी इत्यादी द्रव्यांचे पेय पिताना ती द्रव्ये वेगवेगळी प्रतीत होत नाहीत. त्यांहून निराळा असा एक अखंड रस प्रतीत होतो. विभावादींच्या संयोगाचे स्वरूप सांगण्यासाठी आलंकारिकांनी हे पेय दृष्टान्त म्हणून घेतले. येथे तो दृष्टान्त उलटवून मूळ पेयाकडे परत नेला, इतकेच. मर्ढेकरांनी लयीची जी संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे मांडली, त्यांपैकी समतोल हे तत्त्व बिटरच्या संदर्भात विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. गोड आणि कडू यांचा विरोध मिटविणे म्हणजे समतोल नव्हे. दोघांनाही जागते ठेवून एकाला दुसऱ्यावर चाल करू न देणे म्हणजे समतोल.

तीन उदाहरणे घेऊ. ससेक्समधील ल्यूइस या गावच्या हार्वीज कारखान्याची ‘ससेक्स बेस्ट’ ही ४ टक्क्यांची बिटर आहे. तिचे यीस्ट १९५७ साली यॉर्कशायरमधील टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ कारखान्यातून आणलेले, आणि तेव्हापासून एका आंबवणीतून दुसरीत असे अखंड चालवीत आणलेले आहे. तिच्यात मातकट हॉप आणि गडद फळांची किंचित आंबूस छटा यांची वीण इतकी घट्ट असते की एक धागा वेगळा काढून दाखविणे कठीण जाते. दुसरे उदाहरण यॉर्कशायरमधील कीथली येथील टिमोथी टेलर यांच्या ‘लँडलॉर्ड’चे. गोल्डन प्रॉमिस या जवाच्या माल्टचा खमंग पाया आणि त्यावर स्टिरियन गोल्डिंग हॉपचा फुलांचा व लिंबूवर्गीय गंध असे तिचे स्वरूप आहे. १९८२, १९८३, १९९४ आणि १९९९ अशी चार वर्षे तिने ब्रिटनच्या सर्वश्रेष्ठ बिअरचा मान मिळविला. तिसरे उदाहरण लंडनमधील चिझिक येथील फुलर्सच्या ‘ई. एस. बी.’चे. ५.५ टक्क्यांची, मुरंब्यासारख्या संत्र्याच्या चवीची, भरदार अशी ही एल १९७८, १९८१ आणि १९८५ या वर्षी याच स्पर्धेत गौरविली गेली. फुलर्सचा मद्यनिर्मितीचा व्यवसाय २०१९ साली असाही या जपानी कंपनीकडे गेला.

पहिल्या घोटाला या तिहींत ‘ई. एस. बी.’ सर्वाधिक प्रभावी वाटते, हे कोणीही कबूल करील. परंतु प्रभाव आणि गुण यांत अंतर आहे. तिचा भरदारपणा लक्षाची मागणी करतो. दुसऱ्या पेल्याला ती गोड व जड होऊ लागते आणि तिसरा शहाण्याने टाळावा. ती उत्तम एल आहे, पण बिटरच्या सीमारेषेवर उभी आहे. ‘लँडलॉर्ड’ ही तिहींत सर्वांत रेखीव. तिचा गंध पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ उभा राहतो. ‘ससेक्स बेस्ट’ पहिल्या भेटीत थोडी अबोल वाटते. पण पेला अर्ध्यावर आल्यावर तिची आंबूस छटा आणि कडवट शेवट यांचे नाते उलगडू लागते, आणि दुसऱ्या पेल्यात ती पहिल्याहून अधिक बोलते. बिटर म्हणून विचार करता प्रस्तुत लेखक तिला या तिहींत वरचे स्थान देतो. हा निर्णय कोणास मान्य होणार नाही. पण तो अमान्य करणाराला ‘मला तसे वाटत नाही’ एवढे म्हणून भागणार नाही. पेयाचे प्रयोजन मी चुकीचे मानले, किंवा त्या पेयात मी म्हणतो ते गुण नाहीत, असे त्याला दाखवावे लागेल. ज्या वादात अशी कारणे द्यावी लागतात तो केवळ आवडीनिवडीचा वाद नव्हे.

४

येथे ह्यूमच्या किल्लीकडे वळले पाहिजे. त्याचे म्हणणे असे की सूक्ष्म संवेदना, सराव, तुलना, पूर्वग्रहापासून मुक्तता आणि चांगली विवेकबुद्धी ज्याच्या ठायी आहे तो खरा परीक्षक, आणि अशांचे एकमत हाच निकष. बिअरच्या जगाने या गुणांचे शिक्षण पद्धतशीर उभे केले आहे. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्गच्या कारखान्यात १९४० नंतरच्या दशकात तीन पेल्यांची परीक्षा योजली गेली. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात निराळी, निराळी ओळखावयाची. केवळ अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता एकतृतीयांश असल्यामुळे, अनेक फेऱ्यांनंतर परीक्षकाची जीभ खरोखर भेद जाणते की नाही हे निश्चित करता येते. १९७० नंतरच्या दशकात मॉर्टेन मेलगार्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी बिअरच्या चवींचे चक्र तयार केले आणि प्रत्येक चवीला एक ठराविक नाव दिले, जेणेकरून दोन परीक्षकांचे ‘लोणकट’ एकाच गोष्टीविषयी असावे.

या शिक्षणाचे मोल मोठे आहे. तरीही ह्यूमच्या कथेत एक उणीव राहते, आणि बिटरच्या संदर्भात ती स्पष्ट दिसते. किल्ली सापडल्याने त्या दोघांची जीभ तीक्ष्ण होती एवढेच सिद्ध झाले. मद्य चांगले होते की वाईट, हे सिद्ध झाले नाही. दोष ओळखणे ही परीक्षकाची पूर्वअट आहे, ती परीक्षा नव्हे. शिवाय दोष हा तरी निरपेक्ष दोष असतो काय? उघडून फार दिवस झालेल्या पिंपातील शिरक्यासारखा आंबटपणा बिटरमध्ये सर्वत्र दोषच होय. पण लोण्याचा वास घ्या. जर्मन पद्धतीच्या फिकट लागर बिअरमध्ये तो निखालस दोष मानतात. काही इंग्रजी बिटरमध्ये त्याची पुसट छटा खपते, नव्हे, कोणाला ती त्या एलची ओळखही वाटते. बर्टनच्या एलला ओतल्याबरोबर काडी पेटविल्यासारखा गंधकाचा वास येतो. इतरत्र तो कारखान्यातील हयगयीचा पुरावा ठरेल, बर्टनमध्ये तो जिप्समच्या पाण्याचा शिक्का आहे. तेव्हा दोषाचा निर्णयही प्रकाराचे ज्ञान गृहीत धरतो. क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याला काव्याचे जीवित म्हटले, त्याचे मर्म हेच. अलंकार स्थानी असेल तर अलंकार, अस्थानी असेल तर तोच दोष.

५

बिटरच्या पारखेत आणखी एक गुंतागुंत आहे, आणि नाट्यसमीक्षकाला ती परिचित वाटेल. पारंपरिक बिटर कारखान्यात पूर्ण होत नाही. ती जिवंत यीस्टसह पिंपात भरून पबकडे जाते आणि तेथील तळघरात, ११ ते १३ अंश सेल्सियसच्या थंडाव्यात, तिची दुसरी आंबवण पुरी होते. माशाच्या वाताशयापासून केलेल्या चिकट द्रव्याने गाळ खाली बसवितात. पिंपाला छिद्र पाडून जादा वायू जाऊ देतात. योग्य वेळ आली की हातपंपाने ती वर ओढून पेल्यात देतात. नऊ गॅलनचे पिंप म्हणजे ७२ पाइंट. उघडल्यावर ते साधारण तीन दिवसांत संपले पाहिजे. तळघर सांभाळणाराने एक दिवस घाई केली तर पेय कच्चे लागते, दोन दिवस आळस केला तर निर्जीव.

म्हणजे कारखानदाराने दिलेली ही संहिता आहे आणि तळघरात होतो तो प्रयोग आहे. यॉर्कशायरमध्ये पंपाच्या तोंडाला बारीक छिद्रांची चकती लावून घट्ट, सायीसारखा फेस काढतात. त्याने पोत मऊ होतो आणि कडवटपणा काहीसा निवळतो. दक्षिणेत ती चकती म्हणजे पेयाचा खून असे मानणारे पुष्कळ आहेत. एकच बिटर दोन्ही रीतींनी चाखली तर दोन भिन्न अनुभव येतात. यांपैकी कोणता प्रामाणिक? उत्तर असे की, जी बिटर उत्तरेत, त्या फेसाचा विचार करून घडविली गेली तिला तो फेस उचित. ससेक्समधील नाजूक विणीला तो मारक. प्रयोगाची स्वातंत्र्ये अनंत नाहीत. संहितेने काही दारे उघडी ठेवलेली असतात, काही बंद केलेली असतात.

१९६० नंतरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी या जिवंत पेयाऐवजी गाळलेली, उष्णतेने निर्जंतुक केलेली आणि वायूच्या दाबाने वर येणारी बिअर पबमधून रूढ केली. ती टिकाऊ होती, सर्वत्र सारखी होती, आणि तळघरातील कौशल्याची तिला गरज नव्हती. तिच्याविरुद्ध १९७१ साली चार मित्रांनी जी चळवळ सुरू केली ती ‘कॅमरा’ या नावाने प्रसिद्ध आहे. या चळवळीचे समीक्षेच्या दृष्टीने महत्त्व असे की तिने पारखेची दोन कामे वेगळी केली. पबमध्ये मिळालेल्या पेल्याला सभासद ० ते ५ गुण देतात. ते गुण पेय कोणत्या स्थितीत मिळाले याचे असतात, तो प्रकार परीक्षकाला आवडतो की नाही याचे नसतात. वार्षिक स्पर्धा ही निराळी. ती प्रकारवार होते. प्रयोगाचा निर्णय आणि कृतीचा निर्णय यांतील हा भेद आपल्याकडील नाट्यपरीक्षणांत नेहमी पाळला जातो असे म्हणवत नाही.

तथापि या चळवळीच्या विचारातही एक धोका होता. पेय कसे साठविले आणि कसे ओतले, या व्याख्येलाच गुणाचे स्थान देण्याचा मोह तिच्या काही अनुयायांना झाला. पिंपातून आलेली प्रत्येक एल चांगली आणि दाबाने आलेली प्रत्येक बिअर वाईट, असे त्यातून निघू लागले. उघडलेल्या पिंपात हवेऐवजी थोडा कार्बन डायऑक्साइड वायू सोडून पेय अधिक टिकविण्याच्या योजनेला या संस्थेचा विरोध होता. २०१८ साली तो तिने सोडला. पद्धतीची शुद्धता ही गुणाची शक्यता निर्माण करते, गुणाची हमी देत नाही. छंद निर्दोष असला म्हणून कविता झाली असे होत नाही.

६

आता गुणपत्रिकेचा प्रश्न. अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची पत्रिका जगभर वापरली जाते. एकूण गुण ५०. त्यांपैकी गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, मुखातील पोताला ५ आणि समग्र परिणामाला १०. पेल्यांवर नावे नसतात. परीक्षकासमोर दोनतीन औंस पेय येते, आणि एका बैठकीत असे अनेक नमुने येतात.

या पद्धतीचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. नाव झाकल्याने कीर्तीचा दबाव नाहीसा होतो. रकाने पाडल्याने परीक्षकाला प्रत्येक अंगाकडे लक्ष द्यावे लागते, आणि स्पर्धकाला आपण कोठे उणे पडलो हे कळते. प्रकाराचे वर्णन समोर असल्यामुळे हलक्या बिटरची तुलना काळ्या, जड स्टाउटशी होत नाही. तरीही बिटरसारख्या पेयाला या पत्रिकेत पूर्ण न्याय मिळणे कठीण आहे, आणि त्याची कारणे परीक्षकांच्या व्यक्तिगत उणिवेत नसून पद्धतीच्या रचनेत आहेत.

पहिले कारण कालाचे. ज्या पेयाचा गुण पाइंटच्या शेवटी आणि दुसऱ्या पाइंटमध्ये प्रकटतो त्याची परीक्षा तीन घोटांत होते. दुसरे कारण शेजाराचे. तीव्र पेयानंतर सौम्य पेय पाणचट लागते. रांगेत जे मोठ्याने बोलते तेच लक्षात राहते. तिसरे कारण बेरजेचे, आणि ते सर्वांत मूलगामी आहे. पत्रिका असे गृहीत धरते की अवयवांचे गुण मिळविले की समग्राचा गुण येतो. पण समतोल हा अवयवांपैकी एक अवयव नाही. तो अवयवांतील संबंध आहे. गंधाला ९, चवीला १५ असे लिहिताना ज्या संबंधाची किंमत करावयाची तोच रकान्यांच्या रेघांत सापडून तुटतो. शेवटच्या दहा गुणांत तो परत येतो खरा, पण पाहुणा म्हणून. घरधनी म्हणून नव्हे. पानकरसन्याय ज्याला पटला आहे त्याला हा हिशेब पटणार नाही.

याचा परिणाम प्रत्यक्ष व्यवहारातही दिसतो. ‘ई. एस. बी.’ हे मुळात फुलर्सच्या एका विशिष्ट एलचे नाव. अमेरिकेत ते एका संपूर्ण प्रकाराचे नाव होऊन बसले, आणि या संस्थेच्या वर्गीकरणातही काही काळ तीव्र बिटरला त्याच धर्तीचे नाव होते. २०१५ च्या आवृत्तीत ते बदलले. बिटरच्या तिन्ही श्रेणींपैकी जी सर्वांत ठळक, तिच्यातील एका कृतीचे विशेषनाम सामान्यनाम व्हावे, हे बोलके आहे. परक्या रसिकाला बिटरमधून जे प्रथम ऐकू आले ते तिच्या कुळातील सर्वांत मोठा आवाज असलेल्या सभासदाचे नाव होते.

७

यातून निष्पन्न काय होते? जिभेच्या विषयातही कारणे देता येतील असे निर्णय असतात. म्हणून कांटने ओढलेली रेषा तो समजतो तितकी सरळ नाही. परंतु हे निर्णय केवळ सूक्ष्म संवेदनेवर उभे नसतात. म्हणून ह्यूमची किल्लीही पुरत नाही. वस्तू कोणत्या जातीची आहे, ती कशासाठी घडविली गेली, तिला प्रकट होण्यास किती अवकाश लागतो, आणि आपल्यापर्यंत ती कोणाच्या हातून आली, या चार गोष्टींचे भान सुटले की तीक्ष्ण जीभही चुकीच्या वस्तूचा न्याय करू लागते.

हा विचार पेयापुरता मर्यादित नाही. स्पर्धा, पारितोषिके आणि आपल्या विद्यापीठांतील उत्तरपत्रिका यांतून वाङ्मयाचेही मूल्यमापन रकान्यांनी चालते. आशयाला इतके, भाषेला इतके, नावीन्याला इतके. एका बैठकीत चाळीस कथा वाचणाऱ्या परीक्षकाला जी कथा ओरडून सांगते ती प्रथम ऐकू यावी, यात त्याचा दोष थोडाच आहे. पण जी कृती तिसऱ्या वाचनात उलगडते, जी आपल्या प्रकाराच्या मर्यादेतच आपले सारे बळ साठवते, जी वाचकाचे आयुष्य अडवून न धरता त्याच्या शेजारी बसते, तिला रकान्यांत जागा मिळत नाही, आणि काही काळाने तशा कृती लिहिणारेही उरत नाहीत. इंग्लंडमधील बिटरवर हा प्रसंग एकदा येऊन गेला, आणि रसिकांनी संघटित होऊन तो काही अंशी परतविला. रकाने टाकून द्यावेत असे येथे सुचवावयाचे नाही. गुण मांडून झाल्यावर परीक्षकाने ती कृती पुन्हा एकदा, एकटीच, तिला लागेल तेवढ्या सवडीने वाचावी, आणि बेरीज त्या वाचनाशी जुळत नसेल तर बेरीज बदलावी, एवढेच सुचवावयाचे आहे.